न पाहता ओलांडता येईल असा रस्ता

(पांढरी काठी दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रस्ता ही नगराची सर्वांत मोठी सार्वजनिक वास्तू होय. शाळा, रुग्णालय, कचेरी, बाजार यांपैकी कोठेही पोचण्यासाठी नागरिकाला प्रथम रस्त्यावर यावे लागते आणि बहुधा तो ओलांडावाही लागतो. डोळस माणसाला हे ओलांडणे इतके सवयीचे झालेले असते की, त्यात आपण काही करतो आहोत याचीही त्याला जाणीव नसते. अंध व्यक्तीची स्थिती वेगळी आहे. ब्रेल लिपीत तिने पदवी मिळवलेली असते, संगणकावर ती सफाईने काम करते, नेमणुकीचा आदेशही तिच्या हाती पडलेला असतो. परंतु घर आणि कचेरी यांच्यामध्ये असलेला वीस मीटर रुंदीचा रस्ता एकट्याने ओलांडता येत नसेल, तर या साऱ्या कमाईवर पाणी पडते. रोज कोणाच्या तरी हाताची वाट पाहत उभे राहणे हे पराधीन जिणे आहे. ते नाहीसे करण्याचे साधन नगररचनाकार, स्थापत्य अभियंते आणि वाहतूक शाखा यांच्या हाती आहे.

2011 च्या जनगणनेत देशात 50 लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद दृष्टीच्या अपंगत्वाखाली झाली. रस्ते अपघातांची केंद्र शासनाची आकडेवारीही अशीच विचार करायला लावणारी आहे. 2022 या एका वर्षात देशातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत 32,825 पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक जण पायी चालणारा होता. जो रस्ता डोळसालाही निर्धास्तपणे ओलांडू देत नाही, तो अंधाला काय न्याय देणार, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

सुरतेचा विचार कशासाठी?

या प्रश्नाचा विचार करताना सुरत शहर डोळ्यांसमोर ठेवणे अनेक दृष्टींनी उपयुक्त ठरेल. सुरत गुजरातेत असली तरी खानदेशाला ती परकी नाही. उधना–जळगाव या ताप्ती खोऱ्यातील रेल्वेमार्गाने नंदुरबार, धुळे व जळगाव जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे यंत्रमाग आणि कापड-प्रक्रियेच्या कामासाठी तेथे गेली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत स्थायिक झाली. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, यावरून मराठी वस्तीचा अंदाज यावा. 2011 मध्ये 44 लाखांहून अधिक लोकसंख्या असलेले हे शहर त्यानंतरही झपाट्याने वाढत राहिले आहे. उड्डाणपूल, रस्त्याच्या मध्यभागातून धावणारी जलद बससेवा, मेट्रोचे बांधकाम आणि अहोरात्र मालवाहतूक हे सारे तेथे एकाच वेळी आढळते. महाराष्ट्रातील वाढत्या शहरांपुढे जे प्रश्न आज आहेत किंवा उद्या येणार आहेत, ते सुरतेच्या एकेका चौकात एकवटलेले दिसतात. अंध विद्यार्थ्यांसाठी अंबाबेन मगनलाल अंधजन शाळेसारखी संस्थाही त्या शहरात आहे. शाळेत मिळवलेले स्वावलंबन शाळेच्या फाटकाबाहेर टिकते की नाही, याची परीक्षा रस्ताच घेत असतो.

सहा प्रश्न

समजा, नंदुरबारहून आलेला एक अंध तरुण उधना स्थानकाबाहेर पडला आणि पांढऱ्या काठीच्या आधाराने कामाच्या ठिकाणी निघाला. मोठ्या चौकाशी आल्यावर त्याला सहा प्रश्नांची उत्तरे हवी असतात. ओलांडण्याची जागा नेमकी कोठे आहे? पदपथ कोठे संपतो आणि रस्ता कोठे सुरू होतो? तोंड कोणत्या दिशेला करून उभे राहावे? पाऊल केव्हा टाकावे? मध्ये भरकटू न देता सरळ कसे जावे? आणि पलीकडची कड आली हे कसे ओळखावे?

डोळस माणूस या सहाही प्रश्नांची उत्तरे एका दृष्टिक्षेपात मिळवतो. अंध माणसाला ती पायाखालून, काठीच्या टोकातून आणि कानांतून मिळवावी लागतात. त्यांपैकी पाच उत्तरे मिळाली आणि सहावे मिळाले नाही, तर पाचांचाही उपयोग होत नाही. म्हणूनच अंधांसाठी सोय म्हणजे एखादे उपकरण बसवणे नव्हे. ती एक साखळी आहे आणि तिची प्रत्येक कडी शाबूत असली पाहिजे. या विषयातील सर्व तांत्रिक सूचनांचे सार एवढ्यात सांगता येईल.

कायद्याने काय सांगितले?

आपल्याकडे या बाबतीत कायद्याची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. अपंग व्यक्तींसाठी 1995 साली संसदेने केलेल्या अधिनियमात रस्त्यावरील लाल दिव्यांपाशी दृष्टिहीनांसाठी ध्वनिसंकेत बसवणे, पदपथाला उतार देणे आणि झेब्रा पट्ट्यांच्या पृष्ठभागावर स्पर्शाने कळतील अशा खुणा कोरणे, या गोष्टी स्पष्टपणे नमूद होत्या. मात्र त्यांना आर्थिक क्षमतेच्या मर्यादेची जोड दिलेली होती. पुढे 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला आणि सुगम्यता हा हक्काचा विषय बनला. त्याच्या आदल्या वर्षी, 3 डिसेंबर 2015 रोजी, सुगम्य भारत अभियानास प्रारंभ झाला होता.

राजीव रतुरी या दृष्टिहीन नागरिकाने 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. रस्ते, वाहतूक आणि सार्वजनिक इमारती अंधांना वापरता याव्यात, अशी तिची मागणी होती. न्यायालयाने 15 डिसेंबर 2017 रोजी सविस्तर निर्देश दिले. त्यानंतर 8 नोव्हेंबर 2024 रोजी न्यायालयाने असा निर्णय दिला की, सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत आहे, आणि किमान मानके बंधनकारक असलीच पाहिजेत. झेब्रा पट्ट्यांवरील खुणा ही कोणाच्या मर्जीवर सोडण्याची बाब नाही, हा या निर्णयाचा व्यवहारातील अर्थ आहे.

पायाखालची भाषा

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे पायाखाली द्यावयाची असतात. त्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या उठावाच्या फरश्यांचा उगम जपानमध्ये झाला. सेइइची मियाके यांनी त्या तयार केल्या आणि 18 मार्च 1967 रोजी ओकायामा शहरात अंध शाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसवण्यात आल्या. या फरश्यांचे दोन प्रकार आहेत. लांब, समांतर पट्ट्यांची फरशी 'या दिशेने चला' असे सांगते. गोल उंचवट्यांची फरशी 'थांबा, पुढे धोका आहे' असे सांगते. ही दोन शब्दांचीच भाषा आहे. म्हणून तिच्यात एकही शब्द चुकून चालत नाही.

दुर्दैवाने आपल्या अनेक शहरांत या पिवळ्या फरश्या शोभेच्या पट्ट्याप्रमाणे बसवल्या जातात. कोठे त्या थेट विजेच्या खांबाला जाऊन भिडतात, कोठे गटाराच्या झाकणापाशी तुटतात, तर कोठे उंचवट्यांच्या जागी पट्ट्या आणि पट्ट्यांच्या जागी उंचवटे लावलेले आढळतात. चुकीची फरशी ही फरशी नसण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यावर विश्वास ठेवूनच माणूस पाऊल टाकतो.

येथे एक नाजूक मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीला पदपथावरून रस्त्यावर उतरण्यासाठी सौम्य उतार लागतो. सर्वसाधारणपणे तो बारास एक या प्रमाणात असावा असे मानले जाते. अंध व्यक्तीला मात्र पदपथाची उभी कड हीच 'येथे रस्ता सुरू झाला' ही खूण असते. कड काढून उतार दिला की एकाची सोय होते, परंतु दुसऱ्याची खूण नाहीशी होते आणि तो नकळत वाहनांच्या मार्गात जाऊन उभा राहतो. यावर उपाय सोपा आहे. जेथे उतार द्यावयाचा तेथे त्याच्या संपूर्ण रुंदीभर गोल उंचवट्यांच्या फरश्या बसवल्याच पाहिजेत. दोन गरजा परस्परविरोधी वाटल्या तरी एकाच रेखांकनात त्यांचा मेळ बसतो, परंतु त्यासाठी रेखांकन करताना दोघांचीही आठवण असावी लागते.

उभे राहण्याची दिशाही अशीच महत्त्वाची आहे. झेब्रा पट्टे रस्त्याला काटकोनात असले आणि पदपथाची कड त्यांच्याशी जुळती असली, तर अंध व्यक्ती कडेला पाऊल टेकवून नेमकी दिशा धरू शकते. चौकाचा कोपरा मोठा गोलाकार केला, म्हणजे वाहनांना वेगाने वळता येते आणि त्याच वेळी अंध माणसाची दिशा चौकाच्या मध्याकडे वळते. कोपऱ्याची गोलाई कमी ठेवणे हा म्हणूनच दुहेरी लाभाचा उपाय आहे.

कानांची साक्ष

'केव्हा निघावे' या चौथ्या प्रश्नाचे उत्तर अंध व्यक्ती वाहनांच्या आवाजावरून मिळवते. समोरून आडवी जाणारी वाहने थांबली आणि तिच्या बाजूने, तिच्याच दिशेने जाणारी वाहने सुटली, की आपली पाळी आली असे ती समजते. प्रवास-प्रशिक्षणात हीच पद्धत शिकवली जाते. परंतु आपल्या चौकांत या अनुमानाला तीन ठिकाणी धक्का बसतो.

पहिला धक्का डावीकडे सतत मोकळ्या ठेवलेल्या वळणाचा. सिग्नल लाल असला तरी डावीकडची वाहने वाहतच राहतात. 'आता सर्व थांबले' असा क्षण तेथे येतच नाही. जेथे असे वळण अपरिहार्य असेल तेथे ओलांडण्याची जागा पदपथाच्या पातळीपर्यंत उंच उचलावी. त्यामुळे वाहनाचा वेग कमी होतो आणि पादचाऱ्याला चढउतार राहत नाही. पादचाऱ्यांची गर्दी असलेल्या चौकात मात्र डावे वळणही सिग्नलच्याच शिस्तीत आणणे श्रेयस्कर.

दुसरा धक्का उड्डाणपुलांचा. सुरतेला पुलांचे शहर म्हटले जाते. रिंग रोडवरील कापडबाजारासमोरही असाच पूल आहे. पुलाखालच्या खांबांवर आणि छतावर आदळून आवाज घुमतो आणि कोणते वाहन कोठून येत आहे, हे कानाला उमगत नाही. त्यात कापडाचे गठ्ठे वाहणारे टेम्पो, हातगाड्या आणि एकसारखे वाजणारे भोंगे यांची भर पडते. पुलाने वरच्या वाहनांची सोय केली असेल, तर खालच्या पादचाऱ्याला त्याची भरपाई ध्वनिसंकेताच्या रूपाने देणे हे अभियंत्याचे कर्तव्य ठरते.

तिसरा धक्का विजेवर चालणाऱ्या वाहनांचा. हवा स्वच्छ ठेवणारी ही वाहने स्वागतार्ह आहेत. मात्र कमी वेगात ती जवळजवळ निःशब्द असतात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक व्यवस्थेत 2016 पासून अशा वाहनांना कृत्रिम आवाज जोडण्याचा नियम आहे, तो याच कारणासाठी.

म्हणून सिग्नलच्या खांबावर ध्वनिसंकेत हवा. त्याचे काम दोन प्रकारचे असते. एरवी तो संथपणे टकटक करीत राहतो आणि 'खांब येथे आहे' हे सांगतो. पादचाऱ्यांची पाळी येताच ती टकटक जलद होते. पलीकडच्या खांबावरही तोच आवाज असला, तर माणूस त्याच्या रोखाने सरळ चालू शकतो आणि पाचव्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. आवाज सभोवतालच्या गोंगाटानुसार आपोआप कमी-अधिक होणारा असावा, म्हणजे दुपारच्या गर्दीत तो ऐकू येईल आणि रात्री शेजाऱ्यांची झोप मोडणार नाही. सुरतेसारख्या शहरात गुजराती, मराठी, हिंदी, उडिया, तेलुगू अशा अनेक भाषा बोलणारे लोक रस्त्यावर असतात. तेथे शब्दांत सूचना देण्यापेक्षा साधा ठोका अधिक उपयोगी, कारण तो सर्वांना सारखाच समजतो. ज्यांना ऐकूही येत नाही, अशांसाठी ब्रिटनमध्ये बटणाच्या पेटीखाली हाताला लागेल असा छोटा शंकू बसवलेला असतो. तो हिरव्या दिव्याबरोबर फिरू लागतो. उपाय किती लहान असू शकतो याचे हे उदाहरण होय.

वेळेचा हिशेब

हिरवा दिवा किती सेकंद असावा हे ठरवताना पादचाऱ्याची चाल सेकंदाला सुमारे 1.2 मीटर धरण्याचा प्रघात आहे. अठरा मीटर रुंदीच्या रस्त्याला या हिशेबाने 15 सेकंद पुरतात. परंतु काठीने चाचपत जाणारी अंध व्यक्ती किंवा वृद्ध स्त्री सेकंदाला 0.9 मीटरच्या गतीने चालली, तर तिला 20 सेकंद लागतील. हे पाच सेकंद वाहतुकीच्या दृष्टीने नगण्य आहेत. त्या व्यक्तीच्या दृष्टीने मात्र ते रस्त्याच्या शेवटच्या साडेचार मीटरांचे, म्हणजे एका संपूर्ण मार्गिकेचे अंतर आहे.

रस्ता फार रुंद असेल तेथे मध्ये थांबण्याची जागा हवी. सुरतेची जलद बससेवा 26 जानेवारी 2014 रोजी उधना ते सचिन या मार्गावर सुरू झाली. तिची स्थानके रस्त्याच्या मध्यभागी आहेत. म्हणजे बसने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला चढण्यापूर्वी अर्धा रस्ता आणि उतरल्यावर पुन्हा अर्धा रस्ता ओलांडावा लागतो. अशा रचनेत ओलांडण्याची जागा हाच बसथांब्याचा खरा उंबरठा असतो. स्थानकाच्या आत कितीही उत्तम फरश्या असल्या, तरी पदपथापासून स्थानकाच्या दारापर्यंत त्यांची रेघ अखंड पोचली नाही, तर अंध प्रवाशाच्या दृष्टीने ते स्थानक बेटावरच राहते. जे शहर अशी बससेवा योजीत असेल त्याने हा भाग पहिल्याच आराखड्यात घ्यावा. मागाहून तो जोडणे खर्चिक पडते.

काम चालू असताना

सुरत मेट्रोचे भूमिपूजन 18 जानेवारी 2021 रोजी झाले. अशा मोठ्या कामांच्या काळात काठीवर चालणाऱ्या माणसाने पाठ केलेला मार्ग अचानक नाहीसा होतो. खोदकामाभोवती कमरेच्या उंचीवर दोरी बांधून काम भागवण्याची पद्धत अंधांच्या दृष्टीने घातक आहे. काठी दोरीखालून पुढे जाते आणि माणूस खड्ड्यात पडतो. बॅरिकेडची खालची आडवी पट्टी जमिनीलगत व अखंड असावी, पर्यायी मार्ग पदपथाइतकाच सलग असावा आणि त्याची माहिती जवळच्या अंध संस्थांना काम सुरू होण्यापूर्वी कळवावी. कंत्राटाच्या अटींत ही दोन-तीन वाक्ये घालण्यास काही खर्च येत नाही.

देखभालीचेही असेच आहे. भारतीय रस्ते महासभेच्या मार्गदर्शनानुसार पदपथाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि चालण्यासाठी किमान 1.8 मीटर रुंदी अडथळ्याविना मोकळी असावी. कागदावर हे सर्वत्र पाळलेले असते. सकाळी दहानंतर त्याच पदपथावर दुचाक्या आणि लाऱ्या उभ्या राहतात आणि अंध माणसाला रस्त्यावर उतरावे लागते. ओलांडण्याच्या जागेपासून काही मीटर अंतरात वाहन उभे करू न देणे, ही वाहतूक पोलिसांनी अंधांसाठी करण्याजोगी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक गोष्ट होय.

तपासणी कोणी करावी?

काम पूर्ण झाल्यावर त्याचे मोजमाप होते, दाखला दिला जातो आणि देयक मंजूर होते. या क्रमात एक पायरी वाढवणे आवश्यक आहे. देयक मंजूर होण्यापूर्वी दोन-तीन अंध व्यक्तींनी ती जागा स्वतः, कोणाचा हात न धरता, दिवसा आणि सायंकाळी ओलांडून पाहावी. वर सांगितलेल्या सहा प्रश्नांपैकी कोणता अनुत्तरित राहतो, ते अभियंत्याने शेजारी उभे राहून नोंदवावे. नकाशावर न दिसणारा दोष काठीच्या पहिल्याच फेरीत सापडतो. अंधशाळा, अंधांच्या संघटना आणि 1952 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्था अशा तपासणीत शासकीय यंत्रणेच्या स्वाभाविक सहकारी ठरतात. अंधांकडे केवळ उपकृत म्हणून न पाहता परीक्षक म्हणून पाहिले, तर कामाचा दर्जा आपोआप सुधारेल.

नागरिकांचा वाटा

ब्रिस्टल येथील जेम्स बिग्ज यांची दृष्टी गेल्यावर, 1921 मध्ये त्यांनी आपली काठी वाहनचालकांना दिसावी म्हणून पांढरी रंगवली, असे सांगतात. त्या काठीचा अर्थ ओळखणे हे वाहनचालकाचे काम आहे. 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांनी पादचारी, मुले, वृद्ध व दिव्यांग यांच्याविषयी विशेष काळजी घेण्याची जबाबदारी चालकावर टाकली आहे. पांढरी काठी दिसताच भोंगा वाजवणे ही काळजी नव्हे, कारण भोंग्यामुळे अंध माणसाला हवे असलेले बाकीचे सर्व आवाज बुडून जातात. गाडी पट्ट्यांच्या अलीकडे थांबवून स्तब्ध राहणे हीच खरी मदत.

पादचाऱ्यांनीही अंध व्यक्तीचा दंड धरून तिला ओढू नये. प्रथम विचारावे, आणि होकार आल्यास आपले कोपर पुढे करावे. ती कोपर धरून अर्धे पाऊल मागून चालते आणि सोबत्याच्या हालचालीवरून चढउतार ओळखते.

सुरतेने 1994 मध्ये प्लेगचे भीषण संकट पाहिले. त्यानंतर त्या शहराने आपला कायापालट घडवून आणला आणि 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने देशात पहिले स्थान मिळवले. रस्ते रोज झाडले जातात की नाहीत, हे रोज पाहणारी यंत्रणा उभी राहिली म्हणून ते साधले. ओलांडण्याच्या जागेलाही अशीच रोजची नजर हवी. फरशी निघाली, आवाज बंद पडला, पट्टे पुसले गेले, तर ती तक्रार गटार तुंबल्याच्या तक्रारीइतक्याच तत्परतेने नोंदवली गेली पाहिजे आणि ठराविक दिवसांत निकाली निघाली पाहिजे.

प्रत्येक नगरपालिकेने आपल्या हद्दीतील अंधशाळा, रुग्णालय, रेल्वे स्थानक आणि बस स्थानक यांजवळचा एकेक चौक निवडावा आणि तेथे ही साखळी पहिल्या कडीपासून शेवटच्या कडीपर्यंत पूर्ण करावी. शंभर चौकांत अर्धवट काम करण्यापेक्षा चार चौकांत पूर्ण काम करणे अधिक हितावह आहे. त्या चार चौकांतून वृद्धांना, लहान मुलांना, डोक्यावर ओझे घेऊन चालणाऱ्या मजुराला आणि कडेवर मूल असलेल्या मातेलाही सुखाने जाता येईल. अंध नागरिकाला तेथे कोणाची वाट पाहत उभे राहावे लागणार नाही.